चूलबंदीतली भेदरं

आमच्या गावात उन्हाळाभर दिवसा चूल पेटवायला बंदी होती. हे सांगितलं की नातवंडं म्हणतात, आजी काहीही सांगते. पण खरं आहे. तेल्हाऱ्याच्या अलीकडं आमचं गाव. घरं बहुतेक तुराट्यांच्या कुडाची, वर गवत नाहीतर कवेलू, आणि घरोघर मागच्या अंगणात कडब्याची गंजी आणि पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, ढीग. चैत्र संपत आला की वारा असा सुटायचा की अंगणात टाकलेली खाट उलटी पडायची. मी अगदी लहान असताना एका दुपारी कोणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडाली आणि वरच्या आळीतली घरांची एक ओळच्या ओळ गेली. माणूस मेलं नाही, पण दाव्याला बांधलेल्या दोन म्हशी गेल्या. त्यांचं ओरडणं मी विसरले नाही. मग गावानं बसून ठरवलं की होळी झाली की मृग लागेपर्यंत, सूर्य मारुतीजवळच्या निंबाच्या शेंड्यावर आला की चुली विझवायच्या आणि दिवस बुडाल्यावरच पुन्हा पेटवायच्या. ठरवणाऱ्यांत माझे बाबा पुढं होते. दवंडीही त्यांनीच द्यायला लावली. म्हणून आमच्या घरी तर हा नियम जास्तच कडक होता.

त्यामुळं उन्हाळ्यात माय उजाडायच्या आधी उठायची. मला जाग यायची ती तिच्या भाकरी थापायच्या आवाजानं. थप थप थप, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा थप थप. ज्वारीच्या भाकरी दुरडीत रचून, वर ओलं फडकं टाकून, वरणाचं भांडं बाजूला सरकवून ती चुलीतली लाकडं बाहेर ओढायची आणि राखेत दाबायची. दुपारी जेवायला बसलं की वरणावर साय धरलेली आणि भाकर कडक झालेली. गार वरणानं भाकर ओली होते पण नरड्याखाली उतरत नाही. तिच्यासोबत काहीतरी ताजं, आंबट, ओलं लागतं. ते आमच्या घरी माझी आत्या करायची. टमाटे हा शब्द आम्ही शाळेत ऐकला. घरी त्याला भेदरं म्हणत, आणि आत्याच्या त्या कच्च्या कालवणालाही भेदरंच म्हणत. दुसरं काही नाव त्याला नव्हतं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, वच्छला. तिला परतवाड्याकडच्या एका गावात दिलं होतं. दोन वर्षं नांदली आणि एक दिवस एकटीच, हातात काही न घेता परत आली. बाबांनी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "जमत नाही." बाबांनी आणखी दोनदा विचारलं. तिनं दोन्ही वेळा तेच सांगितलं. त्यानंतर कोणी विचारलं नाही. मी तेव्हा पाळण्यातून नुकतीच उतरलेली, त्यामुळं माझ्या आठवणीत ती आमच्या घरातलीच होती. ती शेण काढायची, दळण दळायची, निंदायला जायची, कापूस वेचायची, म्हशीची धार काढायची. फक्त चुलीपाशी बसायची नाही. "चुलीचं तुमचं तुमी पाहा वयनी," असं पहिल्या दिवशीच तिनं मायला सांगितलं होतं म्हणे. यावरून दोघींची रोज धुसफूस व्हायची.

"चार भाकरी थापल्या तं हात झिजतीन का वं बाई?" माय म्हणायची.

"दळण दोन पायल्या जास्त देजा," आत्या म्हणायची. "भाकर नोको सांगू."

"राजाची रानीच येऊन बसली माह्या घरी."

"रानी असती तं तुमच्या म्हशीचं शेन काढलं असतं?"

माय चांगली बाई होती, पण तिला वाटायचं की ही नखरे करते. खोटं कशाला लिहू, मलाही तसंच वाटायचं. वैशाखातही आत्या मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची, हाही मायच्या मते एक नखराच होता. भेदरं कुस्करताना बाह्या वर करायची नाही. त्यांची कड कायम लाल, ओली असायची. मी एकदा न्हाणीत तिच्या अंगावर पाणी घालताना तिचा डावा हात पाहिला. कोपराच्या वर आणि खाली कातडी गार दुधाच्या सायीसारखी चुरगळलेली होती. मी विचारलं तर म्हणाली, "दूध उतू गेलं होतं." मला पटलं. दूध उतू जातंच.

आता भेदरं कशी करायची ते लिहिते, कारण माझ्या सुनेला वाटतं हे सोपं आहे. आमचा भाग खारपाणाचा. विहिरीचं पाणी खारं. त्यात डाळ शिजत नाही आणि ते पिऊन तहान जात नाही. गोड पाणी दोन कोसांवरून बैलगाडीनं यायचं, घराला दोन गुंड, म्हणजे दोन मोठे हंडे. ते फक्त प्यायला आणि वरणाला. बाकी सगळं खाऱ्यावर. आत्यानं न्हाणीच्या सांडपाण्यावर, शेवग्याच्या सावलीला भेदरांची दहा-बारा झाडं लावली होती. फळ लिंबाएवढं, साल पातळ, आणि आत जमिनीचा खारेपणा मुळातच उतरलेला. पहाटे तोडायची, ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायची. सांभार म्हणजे कोथिंबीर, तो माठाखाली जिथं पाणी ठिबकतं तिथं पेरलेला असायचा, दोन जुड्यांएवढाच. पुदिनाही तिथंच. विळीनं काही चिरायचं नाही, लोखंडाचा वास लागतो म्हणायची. कांदा दगडावर ठेवून मुठीनं फोडायचा. हिरवी मिरची हातानं तोडून काठवटीत चोळायची. त्यावर भेदरं एकेक करून मुठीत दाबून फोडायची, रस आणि गर दोन्ही काठवटीत. मग सांभार देठासकट तोडून, पुदिन्याची चार पानं, कच्चे शेंगदाणे जाडसर कुटून मूठभर, आणि वरून घाण्याचं कच्चं तेल. मीठ सगळ्यात शेवटी, माणसं पाटावर बसल्यावर. आधी टाकलं तर पाणी सुटतं. आणि मीठ चिमूटभर, कारण खारपाणातलं फळ अर्धं मीठ घरूनच घेऊन येतं. आत्याची चिमूट कधी चुकली नाही. दहा माणसं असोत की चार.

आता अकोल्याच्या बाजारात जे टमाटे मिळतात ते भिंतीवर मारले तर परत येतात. नात त्याचे चाकूनं गोल काप करते, काचेच्या भांड्यात ठेवते, वर लिंबू पिळते आणि मला विचारते, आजी, तुझ्यासारखं झालं का. मी म्हणते, झालं. ती मनानं करते, तेवढं पुरे. मुलगा नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात आहे, दर रविवारी येतो. तो तर नुसतं दह्यात कालवून खातो. असो.

मी चौथी पास झाले आणि शाळा सुटली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. दुपार होती. दारावर सावली पडली आणि दोन माणसं आली. तेल्हाऱ्याला एसटीतून उतरून ऊन डोक्यावर घेऊन चालत आलेली. एक आत्याचा मोठा दीर, दांडगा, मिशीवाला. दुसरा त्याचा म्हातारा काका, काठी टेकत आलेला. बाबांनी सतरंजी टाकली. मायनं गुंडातलं गोड पाणी दिलं. आत्या मागच्या अंगणात शेणाच्या गोवऱ्या उलटत होती. तिनं कुडाच्या फटीतून पाहिलं आणि तिथंच खाली बसली. हे मी पाहिलं, कारण मी तिच्याजवळ होते.

दीर फार वेळ घालवणारा नव्हता. "माय अंथरुनावर पडली हाय," तो म्हणाला. "घरात चूल पेटवायले बाई नाही. झालं गेलं इसरून जा. वच्छीले घेऊन जातो."

"तो स्वता नाही आला?" बाबांनी विचारलं. तो म्हणजे आत्याचा नवरा.

"त्याले कायले लाजवता? आमी आलो ना. मी आलो, काका आले. आनखी काय पायजे?"

मी बाबांचा चेहरा पाहिला. त्यांना हायसं वाटलं होतं. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण माणूस चांगला असला तरी बहीण घरात बसलेली त्याला जड होते. गाव बोलतं, सोयरे बोलतात. बोलावणं आलं, मोठी माणसं आली, आता नाही कशाला म्हणायचं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी आत्याला हाक मारली. ती कुडाआडूनच म्हणाली, "दादा म्हनन तसं." भावाच्या घरी राहणारी बाई आणखी काय म्हणणार.

आमच्यात एक रीत होती. माहेरी येऊन राहिलेल्या बाईला सासरची माणसं न्यायला आली की तिनं स्वतः रांधायचं आणि स्वतःच्या हातानं त्यांना वाढायचं. ते जेवले की मागचं सगळं मिटलं. मग भावानं अडवायचं नाही आणि तिनं नाही म्हणायचं नाही. दीर म्हणालाच, "तिच्या हातचं गरम जेवतो, अन् दिवस मावळायच्या आत निंगतो."

बाबा गडबडले. "आमच्या गावात दिवसा चूल नाही पेटत," ते म्हणाले. "सकाऊनची भाकर हाय, वरन हाय, दही हाय."

"एवढ्या लांबून येऊन शिळं खाऊ? सोयऱ्याले चूल नाही? कमालच हाय तुमच्या गावाची."

म्हातारा म्हणाला, "जाऊ दे ना बापा, चालते." पण दीरानं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

बाबांनी मान खाली घातली आणि मायला हळूच म्हणाले, "चूल पेटवा. बारीक जाळ ठेवजा. धूर बाहीर दिसू नोको देजा." ज्या माणसानं दवंडी द्यायला लावली तो हे बोलत होता. माय आत गेली. मला म्हणाली, "सिंधे, पऱ्हाट्या आन. वाळलेल्या, धूर न करनाऱ्या."

मी पऱ्हाट्या आणल्या. मायनं राखेतला विस्तव फुंकला, जाळ धरला. मग आत्याला बोलावलं. त्या दिवशी माय तिच्याशी गोड बोलत होती. निरोपाच्या वेळी माणसं गोड बोलतात. "या बाई. पोळ्या टाका चार, पिठलं मी ढवळते. आता आपल्या घरी चालल्या तुमी, माह्यावर राग नोको ठेवजा."

आत्या आली. चुलीपुढं बसली. मी तिला तिथं बसलेली पहिल्यांदाच पाहत होते. परातीत पीठ होतं, तिनं पाण्याचा हात त्यात घातला आणि हात तिथंच राहिला. मायनं एक पऱ्हाटी आत सरकवली. वाळलेली होती ती, जाळ एकदम चुलीच्या तोंडातून हातभर बाहेर आला. आत्या मागं सरली नाही. ओरडलीही नाही. नुसती बघत राहिली, आणि तिचे दात वाजायला लागले. वैशाखातल्या दुपारी, चुलीपुढं, थंडीत वाजतात तसे. मग मी पाहिलं की तिच्या बुडाखालची सारवलेली जमीन ओली होत चालली होती. ते पसरत पसरत परातीपर्यंत आलं. ती मोठी बाई होती. मला काय करावं ते कळेना, मी मायकडं पाहिलं. मायनंही ते पाहिलं होतं.

तेवढ्यात ओसरीवरून दीर ओरडला, "झालं का वो? भूक लागली!" आणि तो उठल्याचा आवाज आला. पायताणं वाजली. तो दाराकडं येत होता.

मायनं काय केलं ते मी जन्मभर विसरले नाही. कोपऱ्यात गोड पाण्याचा गुंड होता, भरलेला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरवायचा. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि ओतला. चुलीवर कमी आणि आत्याच्या अंगावर जास्त. आत्याचं लुगडं, जमीन, परात, पीठ, सगळं एकच पाणी झालं. चूल फसकन विझली, घरभर राख आणि वाफ झाली. दीर दारात आला तेव्हा त्याला राखेशिवाय काही दिसलं नाही.

"हे काय?" तो म्हणाला.

"चूल इझवली," माय म्हणाली. "गावात बंदी हाय. मी येडी झाली होती म्हून पेटवली. तुमी बाहीर बसा, बायांत कायले आले?"

तो गेला. मायनं दार लोटलं. आत्याचं पोलकं भिजून अंगाला चिकटलं होतं. मायनं तिची डावी बाही धरली आणि वर सारली. खांद्यापर्यंत सारली. कितीतरी वेळ ती त्या हाताकडं बघत होती.

"सात वर्सं झाले तुमी माह्या घरी हा," माय म्हणाली. "अन् मी तुमाले भाकरीवरून बोलून राहिली." मग विचारलं, "कायनं?"

"वरन लागलं होतं बुडाले."

"तेवढ्यासाठी?"

आत्या बाही खाली ओढू लागली, मायनं ओढू दिली नाही.

"हा होता?" मायनं हनुवटीनं बाहेर दाखवलं.

"चुलीत हात यानं नाही धरला," आत्या म्हणाली. "हा उभा होता."

मायनं बाबांना आत बोलावलं, पाटा उचलायचा आहे म्हणून. बाबा आले. मायनं काही सांगितलं नाही, नुसता आत्याचा हात त्यांच्यापुढं धरला. बाबांनी पाहिला. ते पाटा न उचलता बाहेर गेले, आणि पाहुण्यांशेजारी सतरंजीवर न बसता उंबऱ्यावर बसले. मी फटीतून पाहत होते.

आता प्रश्न जेवणाचा होता. पाहुण्याला उपाशी घालवता येत नाही, शत्रू असला तरी नाही. आणि आत्याच्या हातचं त्यांच्या तोंडात गेलं तर रीत पुरी होणार. मायनं माझ्याकडं पाहिलं. "सिंधे, भेदरं कर. तूच कर. तिचं बोट लागू देऊ नोको त्याले."

मी आत्याला शेकडो वेळा करताना पाहिलं होतं. एकटीनं कधी केलं नव्हतं. कांदा फोडला तर अर्धा दगडावरून उडून राखेत गेला. मिरची चोळून तोच हात डोळ्याला लागला. भेदरं दाबली तर रस काठवटीत कमी आणि माझ्या परकरावर जास्त. आत्या कोपऱ्यात ओल्या लुगड्यानं गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. एकदा डोकं वर करून म्हणाली, "देठ राहू दे सांभाराचे." बस. सांभार, पुदिना, दाणे, तेल. माणसं पाटावर बसली. मी मीठ टाकलं. मग टाकलं की नाही ते मलाच आठवेना, म्हणून पुन्हा टाकलं. चिमूट नव्हती ती, मूठच होती.

मायनं ताटं वाढली. गार भाकर, गार वरण, दही आणि भेदरं. दीरानं ताटाकडं पाहिलं आणि मिशीला हात लावला. तो हुशार होता. "हे भेदरं वच्छीच्या हातचं दिसते," तो म्हणाला. "आमच्या घरी असंच करे. चला, गरम नसन तं नाही, तिच्या हातचं जेवलो म्हनजे झालं. मिटलं. गाठोडं बांधा म्हना तिले." आणि त्यानं म्हाताऱ्याला म्हटलं, "खा काका."

मायनं तोंड उघडलं, पण तिच्या म्हणण्याला काय किंमत असती. ती खोटं बोलते म्हणाला असता तो. बाबा उंबऱ्यावरून उठले.

म्हाताऱ्यानं भाकरीचा तुकडा भेदरांत बुडवला आणि तोंडात घातला. चावला. थांबला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कसाबसा गिळून त्यानं पाणी मागितलं. घरात गोड पाणी थेंबभर उरलं नव्हतं, मी विहिरीचं आणून दिलं. बिचाऱ्यानं एक घोट घेतला आणि त्याचं तोंड आणखी वाकडं झालं. खाऱ्यावर खारं.

"हे वच्छीच्या हातचं नाही," तो म्हणाला.

"काका, तुमी चुप राहा."

"कावून चुप राहू? दोन वर्सं मी तिच्या हातचं जेवलो. एक दिवस तिचं मीठ चुकलं नाही. ताटावर बसून मी खोटं बोलत नसतो बापा." मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझा परकर लाल झाला होता, एक डोळा सुजला होता. "कोनं केलं वं पोरी?"

"मीनं."

"मीठ किती डाव टाकलं?"

"दोन डाव. पयले टाकलं ते इसरली."

"तरीच!" म्हातारा म्हणाला, आणि हसला. "मारलं असतं मले."

दीर हसला नाही. "ते काही असो, वच्छीले तं नेतोच."

"भाऊ, जेवा," बाबा म्हणाले. ते एवढ्या हळू बोलत होते की मला नीट ऐकूही येईना. "पोटभर जेवा. वच्छी येत नाही."

"कावून?"

"तिचा हात पायला मी."

दीरानं ताट पुढं सारलं. ताटावरून उठला, हातही न धुता बाहेर जाऊन पायताणं घालत उभा राहिला. म्हातारा मात्र उठला नाही. दही कालवून, वरणात भाकर चुरून, त्यानं सगळं ताट साफ केलं. भेदरंही संपवली, थोडी थोडी करून. ताटात टाकून उठायचं नाही ही त्याची रीत होती. मग हात धुवून आतल्या दारापाशी आला आणि बाहेरूनच म्हणाला, "वच्छे, राहा इथं." ते दोघं उन्हातच निघून गेले. त्यानंतर त्या घरून कोणी आलं नाही.

आमच्या घरचा धूर मात्र दोघातिघांनी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः जाऊन पंचांपुढं उभे राहिले आणि चूल आपल्या सांगण्यावरून पेटली असं म्हणाले. आठ दिवस मारुतीपुढचा रांजण गोड पाण्यानं भरायची शिक्षा झाली. त्यांनी ती भरली. का पेटवली आणि का विझवली, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

आत्या पुढं आमच्याच घरी म्हातारी झाली. माझं लग्न होऊन मी अकोल्याला आले तरी दर उन्हाळ्यात ती येताना शेवग्याखालची भेदरं पदरात बांधून आणायची. निंदणं, वेचणं, दूध काढणं, लेकरं सांभाळणं, माझ्या हातानं जे काम चांगलं होतं ते तिच्यामुळं. आणि न बोलता जे करायचं असतं ते मी मायकडून पाहिलं. मी देवाचं फार करत नाही, पण या दोन बायांच्या घरात वाढले हे माझं चांगलं नशीब. आम्ही तिघींनी त्या ओल्या जमिनीबद्दल कधी शब्द काढला नाही. माय फार थकली होती तेव्हा मी एकदाच विचारलं, पाणी ओतायचं तुला सुचलं कसं. तिनं माझ्याकडं वेड्यासारखं पाहिलं. "सुचायचं काय त्याच्यात? गुंड हातातून पडला." एवढंच. आणि कूस बदलून झोपली.

तापलेल्या चुलीवर पाणी पडलं की माती तडकते. पाहुणे गेले त्या संध्याकाळी दिवस बुडाल्यावर गावभर चुली पेटल्या, आमची पेटली नाही, मधोमध भेग गेली होती. त्या रात्री आम्ही दही-भाकर खाल्ली. सकाळी मायनं ती चूल उकरून काढली. नवी घालायची तर माती लागते. मला वाटलं माय मला पाठवील, पण आत्या आपणच टोपलं घेऊन नाल्यावर गेली. काळी माती आणली, त्यात गव्हाचा भुसा आणि शेण घातलं, खारं पाणी ओतलं आणि लुगडं वर खोचून पायांनी तुडवायला लागली. दोन्ही बाह्या तिनं वर सारल्या होत्या. माय शेजारी बसून तांदूळ निवडत होती.

"बाई, तोंड मोठं ठेवजा," माय म्हणाली. "पऱ्हाट्या मावल्या पायजे."

"किती मोठं?"

"तुमीच पाहा."

आत्यानं चुलीच्या भिंती उभ्या केल्या, तिन्ही बाजूंनी दाबल्या, वर भांडं टेकायला तीन उंचवटे काढले. मग मातीचा एक गोळा घेतला, खाली वाकली, आणि डावा हात चुलीच्या तोंडातून कोपराच्याही वर आत घातला आणि आतून लिंपू लागली. बराच वेळ लिंपत होती. मायनं तांदळाचं सूप खाली ठेवलं होतं.